ब्लूज हार्मोनिकासाठी पेडल्स: काय घ्यावे, कुठे जोडावे, किती वळवावे

ठाणे आणि नवी मुंबईत गिटार वाजवणारे गल्लोगल्ली भेटतात, ब्लूज हार्मोनिका वाजवणारे मात्र शोधावे लागतात. त्यामुळे हार्मोनिकावाल्याची पेडलशी, म्हणजे ध्वनी बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डबीशी, पहिली ओळख बहुधा एखाद्या गिटारवाल्या मित्राच्या बोर्डावरच होते. मित्राचे ओव्हरड्राइव्ह (ध्वनीला फाटल्यासारखा खरखरीतपणा देणारे पेडल) मागून घ्यावे, त्यात माइकची वायर खोचावी, मित्राने ठेवले होते तिथेच नॉब राहू द्यावेत आणि फुंकायला सुरुवात करावी, तर दुसऱ्याच क्षणी जॅमरूममधला स्पीकर कर्कश शिट्टी मारू लागतो. यात पेडलचा दोष नसतो. गिटारचा पिकअप तारेचे कंपन टिपतो आणि खोलीतल्या हवेतला आवाज त्याच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. माइक मात्र हवेतला आवाज टिपण्यासाठीच बनवलेला असतो आणि समोरच्या स्पीकरमधून परत येणारा आपलाच आवाजही तो तितक्याच तत्परतेने टिपतो. म्हणून हार्मोनिकासाठी पेडल निवडताना आणि लावताना प्रत्येक पायरीवर एकच हिशेब मांडावा लागतो: हे पेडल ध्वनीत जी भर घालते, तिच्यापायी शिट्टी सुरू होण्याआधीचा किती गेन (सिग्नलची वाढ) खर्ची पडतो?

ज्या जाड, किंचित फाटलेल्या ध्वनीच्या मागे आपण सगळे असतो, तो १९५० च्या दशकात शिकागोमध्ये लिटल वॉल्टर आणि त्यांच्या समकालीनांनी पेडलशिवायच काढला होता. हातांच्या ओंजळीत घट्ट धरलेला माइक आणि ताण देऊन वाजवलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, एवढीच त्यांची सामग्री होती. आजही सोय असेल तर तोच मार्ग उत्तम. मात्र व्हॉल्व्हचा जड अ‍ॅम्प घेऊन संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याहून वाशीची लोकल पकडणे कोणालाही जमण्यासारखे नाही, आणि जॅमरूममध्ये हाती लागतो तो बहुधा ट्रान्झिस्टरचा गिटार अ‍ॅम्प. पाठपिशवीत मावणारी तीन-चार पेडल्स घेऊन अशा अ‍ॅम्पवर किंवा थेट सभागृहाच्या साउंड सिस्टिमवर समाधानकारक ध्वनी काढणे, हा या लेखाचा विषय आहे.

पहिली पायरी: ओंजळ

पेडल विकत घेण्याआधी ओंजळ तपासावी. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत हार्मोनिका धरावा, उरलेल्या तीन बोटांनी माइकचे डोके मागच्या बाजूला टेकवावे आणि उजव्या हाताचा तळवा खालून व बाजूने असा बसवावा की कुठेही फट राहणार नाही. आता चौथ्या छिद्रातून एक लांब स्वर हळू ओढावा (म्हणजे श्वास आत घेऊन वाजवावा) आणि तो चालू असतानाच उजव्या हाताची करंगळी उचलावी. ओंजळ खरोखर बंद असेल तर करंगळी उचलताच स्वर पातळ आणि उजळ होतो, आणि ती परत टेकवताच जाड व अंधारा होतो. असा फरक ऐकू येत नसेल, तर हवा आधीपासूनच दुसरीकडून निसटत असते. बहुतेकदा ती अंगठ्याच्या मुळाशी निसटते. घट्ट ओंजळीत माइकच्या पडद्यावर जो दाब येतो, त्यातून ध्वनीचा बराचसा जाडपणा येतो आणि उंच कंप्रता आपोआप दबतात. ही गोष्ट कोणत्याही पेडलमध्ये विकत मिळत नाही. शिवाय ओंजळ उघडमिट करून 'वा-वा' असा परिणाम फुकट मिळतो, त्यामुळे वा-वा पेडलचा खर्च मला तरी कधी पटलेला नाही.

एक इशारा येथेच देतो. गायनासाठीचे कार्डिऑइड माइक मागून येणारा आवाज नाकारतात, कारण त्यांच्या डोक्यामागे हवेसाठी फटी ठेवलेल्या असतात. आपण ओंजळीत त्या फटी झाकल्या की माइक सगळीकडचे ऐकू लागतो. म्हणजेच गायकाला जितका व्हॉल्यूम शिट्टीशिवाय मिळतो, तितका आपल्याला मिळणार नाही, हे गृहीत धरूनच पुढे जावे.

दुसरी पायरी: माइक आणि पेडल यांची जोडणी

येथे सर्वांत जास्त लोक अडखळतात. शूर एसएम५८ सारख्या गायनाच्या डायनॅमिक माइकचा इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अवरोध) काहीशे ओहम असतो आणि त्याचा सिग्नल क्षीण असतो. गिटारची पेडल्स मात्र उच्च इम्पिडन्सच्या सिग्नलसाठी बनवलेली असतात. त्यांचा इनपुट साधारण पाच ते दहा लाख ओहमचा असतो. तीन पिनांच्या माइक वायरच्या दुसऱ्या टोकाला नुसता गिटारचा जॅक डकवून घेतला तर आवाज येतो, पण बारीक आणि निर्जीव येतो. मग तो भरून काढण्यासाठी गेन वाढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखर वाढते. त्याऐवजी मध्ये एक मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावावा. बोटभर लांबीची ही नळी एका बाजूने माइकची वायर घेते, दुसऱ्या बाजूने जॅक देते, आणि व्होल्टेज वाढवून देते. संगीताच्या दुकानात ती मिळाली नाही, तर लॅमिंग्टन रोडवर ऑडिओचे सामान विकणाऱ्यांकडे विचारावे.

शूरच्या ५२०डीएक्स, म्हणजेच 'ग्रीन बुलेट' या माइकला ही अडचण येत नाही. तो उच्च इम्पिडन्सचा आहे, त्याच्या वायरीला गिटारचाच जॅक असतो आणि अंगावर व्हॉल्यूमचा नॉब असतो. हा नॉब फार कामाचा आहे. पुढे त्याचा उल्लेख येईल. जुन्या अ‍ॅस्टॅटिक जेटी-३० मधील क्रिस्टलचे माइक ध्वनीला गोड असतात, परंतु त्यांना सुमारे पन्नास लाख ओहमचा इनपुट लागतो. साध्या पेडलला जोडले की त्यांचा खर्ज गळून पडतो. दुसरे असे की, हे क्रिस्टल रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचे असतात आणि हा क्षार दमटपणात व उष्णतेत खराब होतो. खाडीकाठच्या आपल्या शहरांत चार महिने हवाच ओली असते. बंद गाडीत मे महिन्यात काय तापमान होते, हे वेगळे सांगायला नको. येथे राहून क्रिस्टलचा जुना माइक घेणे हा हौसेचा भाग झाला, व्यवहाराचा नव्हे.

तिसरी पायरी: पेडल्सचा क्रम

क्रम असा ठेवावा: माइक, मग इक्वलायझर (खर्ज, मध्य आणि उंच भाग वेगवेगळे कमी-जास्त करणारे), मग ऑक्टेव्ह (एक सप्तक खालचा स्वर मिसळणारे), मग ओव्हरड्राइव्ह, मग डिले (प्रतिध्वनी देणारे), शेवटी रिव्हर्ब (खोलीच्या घुमण्याची नक्कल करणारे) आणि त्यानंतर अ‍ॅम्प. त्यामागची कारणे समजली की हवा तेथे क्रम मोडताही येतो. ऑक्टेव्हच्या पेडलला स्वर ओळखावा लागतो, म्हणून त्याला स्वच्छ सिग्नल आधी मिळायला हवा. फाटलेला सिग्नल दिला की ते गोंधळते. डिले ओव्हरड्राइव्हच्या आधी लावला, तर मूळ स्वर आणि त्याचे प्रतिध्वनी एकत्र फाटतात आणि नुसता लगदा ऐकू येतो. मात्र अ‍ॅम्प स्वतःच फाटत असेल, तर डिले नाइलाजाने त्या फाटण्याच्या आधीच राहतो. अशा वेळी मूळ स्वर दबतो आणि प्रतिध्वनी त्या मानाने मोठे ऐकू येतात, म्हणून डिलेचा मिक्स (प्रतिध्वनीचे प्रमाण) नेहमीपेक्षा कमी ठेवावा.

पॉवरकडे दुर्लक्ष करू नये. बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या पिनेचा मध्य ऋण असतो, पण प्रत्येक पेडलवरचे चिन्ह वाचूनच वायर लावावी. उलटी लागली तर पेडल जळू शकते. एकाच अ‍ॅडॉप्टरवर माळ लावून डिजिटल डिले आणि ओव्हरड्राइव्ह एकत्र चालवले, तर अनेकदा बारीक किणकिण ऐकू येते. ती गेली नाही तर प्रत्येक पेडलसाठी वेगळा आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घ्यावा. एकसुरी घूं असा जाड आवाज मात्र बहुधा अर्थिंगचा असतो. त्यासाठी आधी तीन पिनांचा दुसरा प्लगपॉइंट वापरून पाहावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा 'उपाय' कोणी सुचवला तर तो साफ नाकारावा, कारण आपले ओठ हार्मोनिकाच्या धातूला आणि हात माइकच्या धातूला टेकलेले असतात.

चौथी पायरी: इक्वलायझर, सर्वांत दुर्लक्षित पेडल

नवा वादक आधी ओव्हरड्राइव्ह घेतो. माझ्या मते पहिला खर्च इक्वलायझरवर आणि दुसरा डिलेवर करावा. बॉस जीई-७ सारख्या सात पट्ट्यांच्या इक्वलायझरवर १००, २००, ४००, ८०० हर्ट्झ आणि पुढे १.६, ३.२ व ६.४ किलोहर्ट्झ अशा सरकपट्ट्या असतात, आणि प्रत्येक पट्टी १५ डेसिबलपर्यंत वर किंवा खाली जाते. त्यांतल्या कोणत्या हलवायच्या, हे हार्मोनिकाच्या स्वरांवरून ठरते. सी पट्टीच्या दहा छिद्री हार्मोनिकाचा सर्वांत खालचा स्वर सुमारे २६२ हर्ट्झचा असतो. नेहमीच्या पट्ट्यांत सर्वांत खर्जाचा असलेल्या जी पट्टीच्या हार्मोनिकाचाही खालचा स्वर १९६ हर्ट्झच्या खाली जात नाही. याचा अर्थ १०० हर्ट्झच्या आसपास माइक जे काही टिपतो, ते संगीत नसते. श्वासाचे धक्के, बोटांची घासाघीस आणि स्टेजवरच्या पायांचे ठोके एवढेच तेथे असते. ही १०० ची सरकपट्टी बिनधास्त तळाला न्यावी. आवाज पातळ होत नाही. उलट स्पीकर मोकळा श्वास घेतो. म्हणूनच इक्वलायझर ऑक्टेव्हच्या आधी ठेवायला सांगितला: ऑक्टेव्ह जो नवा खर्ज निर्माण करते तो या कात्रीतून वाचतो.

उंच बाजूच्या पट्ट्या कानाने आणि शिट्टीच्या मदतीने लावायच्या. जॅमरूममध्ये कार्यक्रमात उभे राहाल तितक्याच अंतरावर, स्पीकरच्या बाजूला उभे राहा. माइक ओंजळीत धरा, वाजवू नका आणि अ‍ॅम्पचा आवाज सावकाश वाढवा. शिट्टी नुकती सुरू होईल तेथे थांबून एकेक पट्टी थोडी खाली ओढून पाहा; जिच्यामुळे शिट्टी थांबते ती तुमच्या माइकची आणि त्या खोलीची दुखरी जागा. बहुतेकदा ती १.६ किंवा ३.२ किलोहर्ट्झला सापडते. ती चार ते सहा डेसिबल खाली ठेवून आवाज पुन्हा वाढवा. दुसरी शिट्टी दुसऱ्या जागी निघेल, तिचेही असेच करा. तिसऱ्या शिट्टीनंतर थांबावे, कारण त्यापुढे फायदा कमी होत जातो आणि ध्वनी घोंगडीत गुंडाळल्यासारखा दबतो. ४०० आणि ८०० च्या पट्ट्या शक्यतो हलवू नयेत. ब्लूजचा गर येथेच आहे.

साउंड सिस्टिमवर थेट वाजवताना ६.४ ची पट्टीही चांगली खाली न्यावी. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने मावळतो, सभागृहाचे स्पीकर मात्र त्याच्या कितीतरी वर जातात आणि हार्मोनिकाची सगळी किरकिर प्रेक्षकांच्या कानात ओततात. स्पीकर कॅबिनेटचे सोंग घेणारे पेडल असेल तर ते साखळीच्या शेवटी लावावे. नसेल तर ही पट्टी बरेचसे काम करते.

पाचवी पायरी: डिले आणि रिव्हर्ब

डिले हे हार्मोनिकाला सर्वाधिक शोभणारे पेडल आहे. कारण साधे आहे: ओंजळीत कोंडलेला स्वर अगदी कानाशी आल्यासारखा कोरडा वाटतो आणि त्याच्याभोवती खोली नसते. दीडशे मिलिसेकंदांचा एक प्रतिध्वनी म्हणजे सुमारे पंचवीस मीटरवरच्या भिंतीवरून परतलेला आवाज. तेवढ्याने रिकामा हॉल उभा राहतो. टाइम १२० ते १८० मिलिसेकंद, पुनरावृत्ती एक किंवा फार तर दोन, आणि मिक्स असा की वाजवताना प्रतिध्वनी वेगळा जाणवू नये, पण पेडल बंद करताच काहीतरी गेले असे वाटावे. प्रतिध्वनी मंद आणि अंधारे करणारे अ‍ॅनालॉग किंवा तशा धर्तीचे पेडल येथे लखलखीत डिजिटलपेक्षा बरे.

शफल (ब्लूजची झुलती लय) वाजवत असाल तर टाइम लयीवरून काढता येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते आणि शफलमध्ये तिचे तीन भाग पडतात. एक भाग सुमारे १६७ मिलिसेकंदांचा. प्रतिध्वनी तेथे बसवला की तो ड्रमरच्या झांजेत मिसळून जातो. १०० च्या लयीला हाच आकडा २०० होतो. संथ ब्लूजमध्ये ३५० ते ४०० मिलिसेकंदही चालतात, पण मग वाक्यांमध्ये जागा सोडून वाजवावे लागते.

फीडबॅकच्या, म्हणजे त्या शिट्टीच्या, हिशेबात डिले स्वस्त पडतो, कारण तो मूळ स्वराचा गेन वाढवत नाही. पुनरावृत्तीचा नॉब मात्र अर्ध्याच्या पुढे नेऊ नये. रिव्हर्ब थोडाच लावावा आणि सभागृहात तर बहुधा बंदच ठेवावा. आपल्याकडच्या साउंडवाल्यांना इको अतिशय प्रिय असतो. सोसायटीच्या गणेशोत्सवापासून नाट्यगृहापर्यंत माइकच्या चॅनेलवर तो आधीच चढवलेला असतो, आणि त्यावर आपला रिव्हर्ब चढला की शब्दशः काहीही उमजत नाही. साउंडचेकच्या वेळी 'हार्मोनिकाच्या चॅनेलवरचा इको पूर्ण काढा' एवढे एक वाक्य नम्रपणे सांगावे आणि ते अमलात आले का, हे समोर जाऊन ऐकावे.

सहावी पायरी: ऑक्टेव्ह

एक सप्तक खालचा स्वर मूळ स्वरात मिसळणारे हे पेडल हार्मोनिकाला एकदम सॅक्सोफोनच्या किंवा ऑर्गनच्या अंगाने नेते. बॉसच्या ओसी मालिकेसारखी आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या पॉगसारखी पेडल्स त्यासाठी वापरात आहेत. दोन्हींत फरक आहे. जुन्या धर्तीचे अ‍ॅनालॉग ऑक्टेव्ह एका वेळी एकच स्वर समजते. जिभेने मधली छिद्रे झाकून दोन टोकांचे स्वर एकदम वाजवले किंवा दोन-तीन स्वरांचा झुबका ओढला की ते गुरगुरते आणि अडखळते. पॉगसारखे पेडल अनेक स्वर एकदम सांभाळते, मात्र ते महाग असते. पहिल्या प्रकारचे घेतले तर ऑक्टेव्ह चालू असताना एकेक स्वर नेटका काढण्याची शिस्त लागते, आणि तिचा वाईट परिणाम कोणावर होत नाही.

मूळ स्वर पूर्ण ठेवावा आणि खालचे सप्तक त्याच्या निम्म्याच्या आसपास मिसळावे. डी, ई आणि एफ अशा उंच पट्ट्यांच्या हार्मोनिकांना ऑक्टेव्ह सर्वाधिक फळते, कारण त्यांचा स्वर मुळात बारीक असतो; जी पट्टीच्या हार्मोनिकाला लावले तर खालचा स्वर ९८ हर्ट्झपर्यंत उतरून बेस गिटारच्या पायात पाय घालतो. दोन सप्तके खालचा नॉब असला तरी त्याला हात लावू नये. आणि हा खर्ज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो हे ध्यानात ठेवून फ्लॅटमधला सराव हेडफोनवर करावा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर तर, बंद सभागृहांसारखे अपवाद सोडता, ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार बंदीच आहे.

सातवी पायरी: ओव्हरड्राइव्ह, सर्वांत शेवटी

ओव्हरड्राइव्ह मोठ्या आणि लहान आवाजांतील अंतर कमी करते: जोरात वाजवलेले ते दाबते, हळू आलेले उचलते. आपण वाजवत असतो तोवर हे सुखाचे असते. आपण थांबतो तेव्हा माइककडे खोलीतला हळू आवाजच उरतो आणि पेडल तोच सर्वाधिक उचलून धरते. म्हणून हार्मोनिकाची शिट्टी दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत निघते. ड्राइव्हचा नॉब जितका पुढे, तितकी ती शांतता धोक्याची.

तेव्हा ड्राइव्ह अगदी शून्यावर, टोन मध्याच्या खाली आणि लेव्हल अशी ठेवून सुरुवात करावी की पेडल चालू केले वा बंद केले तरी आवाजाची पातळी सारखीच राहील. मग जोराने ओढलेल्या दुसऱ्या छिद्राच्या स्वराला कडेने थोडी फाट येईपर्यंतच ड्राइव्ह वळवावा. हळू ओढलेला स्वर स्वच्छच राहिला पाहिजे. गिटारवाले वापरतात त्या ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीची पेडल्स मध्यभाग उचलतात आणि खर्ज कापतात. हार्मोनिकाचा मध्यभाग आधीच भरलेला असल्याने अनेकदा ती नाकात बोलल्यासारखी वाटतात. खर्ज न कापणारे आणि कमी गेनचे पेडल शोधावे. लोन वुल्फ ही कंपनी तर हार्मोनिकासाठीच पेडल्स बनवते, पण ती बाहेरून मागवावी लागतात. आधी मित्राच्या पेडलवर ड्राइव्ह शून्याजवळ ठेवून काय मिळते ते ऐकावे.

माइकवरचा व्हॉल्यूमचा नॉब येथे कामी येतो. वाक्य संपताच बोटाने तो मागे घ्यावा आणि पुढचे वाक्य सुरू होताना परत आणावा. नॉइज गेट हेच काम आपोआप करतो, पण स्वराची शेपटी आणि श्वासाची फुंकर कापून टाकतो; ब्लूजमध्ये ती कापली जाऊ नये असे मला वाटते.

ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त करणारे) आणि फिरत्या स्पीकरची नक्कल करणारी पेडल्स एखाद्या संथ गाण्यापुरती छान वाटतात. कोरस (एका स्वराचे अनेक झाल्यासारखे भासवणारे पेडल) घेऊ नये.

कार्यक्रमाच्या ठिकाणी

जॅमरूममधल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर स्वच्छ चॅनेल निवडावा, ट्रेबल दोनच्या आसपास, मिडल पाच, बेस सहा ठेवावा आणि अ‍ॅम्पचा स्वतःचा रिव्हर्ब बंद करावा. वाशी किंवा ठाण्यातील सभागृहात अ‍ॅम्प नसेल, तर शेवटच्या पेडलमधून डीआय बॉक्समध्ये (पेडलचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणाऱ्या डबीत) आणि तेथून मिक्सरमध्ये जावे. घूं आवाज आला तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. घरी हळू आवाजात लावलेले नॉब येथे चालत नाहीत, म्हणून साउंडचेकमध्ये क्रम असा ठेवावा: सर्व पेडल्स बंद करून नुसत्या माइकचा आवाज शिट्टीच्या थोडा खाली बसवावा, मग इक्वलायझर चालू करून चौथ्या पायरीतली शोधाशोध थोडक्यात पुन्हा करावी, मग ओव्हरड्राइव्ह चालू करून पाच सेकंद न वाजवता उभे राहावे. शिट्टी आली तर मिक्सरवाल्याला न सांगता आपली लेव्हल आपणच कमी करावी. समोरच्या मॉनिटरमध्ये (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) हार्मोनिका कमीत कमी मागावा, आणि मॉनिटरकडे माइकचे तोंड कधीही करू नये.

कार्यक्रम संपल्यावर आधी अ‍ॅम्पचा किंवा चॅनेलचा आवाज खाली घ्यावा, मगच वायरी काढाव्यात. हार्मोनिका तळहातावर आपटून त्यातील लाळ काढावी, माइकची जाळी कोरड्या कापडाने पुसावी, आणि पावसाळ्यात दोन्ही सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावेत; आतला सांगाडा लाकडी असलेला हार्मोनिका ओला ठेवला तर लाकूड फुगून ओठांना टोचू लागते.